मुले पाठवण्याआधी तुम्ही या: कोल्हापूरच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि कीटकशास्त्र विभागांतील सर्व प्राध्यापक

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

मराठी विकिपीडियावर जीवशास्त्राचे लेख लिहिण्यासाठी येत्या २८ जानेवारी ते २८ फेब्रुवारी असा महिनाभराचा ऑनलाइन उपक्रम आम्ही काही स्वयंसेवक घेत आहोत. शेवट मराठी भाषा गौरव दिनाला धरून राष्ट्रीय विज्ञान दिनी होईल. त्यासाठी काही विभागप्रमुखांशी फोनवर बोललो. सगळ्यांनी मोकळ्या मनाने होकार दिला आणि सगळ्यांचा पुढचा प्रश्न एकच होता, "किती मुलं पाठवू?" एका सरांनी तर बीएस्सी भाग दोनचा अख्खा वर्गच देऊ केला.

त्या प्रश्नाचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही, म्हणून हे पत्र. मुले येऊ देत, पण तुमच्यामागून. आधी तुम्ही हवे आहात.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. किल्ले, संत, चित्रपट, गावे, पुढारी यांवर तिथे लिहिणाऱ्यांची कधीच वानवा नव्हती. जीवसृष्टीकडे आलात की चित्र पालटते. कितीतरी पाने "अमुक हा एक पक्षी आहे" किंवा "तमुक ही एक औषधी वनस्पती आहे" एवढ्यावर थांबतात. खाली एक फोटो, शास्त्रीय नाव आणि मग सगळी शांतता. काही लेख मोठे आहेत, पण वाचताना कळते की इंग्रजी मजकूर यंत्रातून काढून तसाच ओतला आहे. व्याकरण कसेबसे उभे राहते, पण जीवशास्त्र बरोबर आहे की नाही हे सांगायला कोणी नाही.

आम्ही जे नियमित संपादन करतो, त्यांत कोणी बँकेत आहे, कोणी सॉफ्टवेअरमध्ये, कोणी शाळेतून निवृत्त झालेले. वाक्याला संदर्भ आहे का, मजकूर कुठून उचललेला आहे का, लेखाचा वर्ग (विषयगट) आणि जीवचौकट (वर्गीकरणाचा तक्ता) नीट लागली का, हे आम्ही डोळे झाकून सांगू. संदर्भ आहे पण तो जुना झालाय, किंवा बरोबर आहे पण दुसऱ्याच जातीबद्दल आहे, हे मात्र आमच्या आवाक्याबाहेरचे.

हुमणीचेच घ्या. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची मुळे खाणारी अळी. आपल्या जिल्ह्यात ऊस लावणाऱ्या घरात हा शब्द माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. जूनचे पहिले दमदार पाऊस झाले की होलोट्रिकिया सेराटा या जातीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून वर येतात, कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते आणि मादी परत जमिनीत शिरून अंडी घालते. अळ्या सुरुवातीला कुजक्या पाल्यापाचोळ्यावर जगतात, पुढे उसाच्या मुळांवर उतरतात. शेतकऱ्याच्या लक्षात येते ते ऊस पिवळा पडल्यावर, ओढला की बेट मुळासकट हातात आल्यावर. तोवर अळी तिसऱ्या अवस्थेत जाऊन चांगली बोटाएवढी झालेली असते आणि तेव्हा औषध ओतून पैसे जातात, अळी राहते. वर्षात एकच पिढी, म्हणून भुंगेरे बाहेर असतात तेच थोडे आठवडे सगळ्यांत मोलाचे. संध्याकाळी झाडे हलवायची, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, आणि हे एकट्याने नाही तर अख्ख्या शिवाराने मिळून करायचे. अळीला मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीचा वापर हा याच साखळीतला पुढचा दुवा.

एवढे आम्ही संदर्भ लावून लिहू शकतो. पण पंचगंगा-कृष्णेच्या काठाला जी हुमणी नुकसान करते, ती बरेचदा ल्युकोफोलिस लेपिडोफोरा असते, म्हणजे जातच वेगळी. तिच्या भुंगेऱ्यांची वागणूकही वेगळी, त्यामुळे कडुनिंब-बाभूळ हलवण्याचा उपाय तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. हे ज्याला माहीत नाही तो दोन्हींचा एकच लेख करून मोकळा होईल, आणि संदर्भही दोन्हीकडचे देईल. लेख दिसायला उत्तम. त्या काठावरच्या शिरोळचा शेतकरी तो वाचून रात्री कंदील घेऊन बाभळीखाली उभा राहील. अशी चूक पकडायला कीटकशास्त्राचा माणूस लागतो, आणि कोल्हापुरात तो आहे. विद्यापीठात आहे, महाविद्यालयांत आहे, प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात आहे. फक्त त्याचे ज्ञान इंग्रजी शोधनिबंधात किंवा शिवारफेरीच्या भाषणात राहते. मराठीत शोधायला गेले तर आधी समोर येतात ते औषधे विकणाऱ्यांचे व्हिडिओ.

लोकरी मावा या उसाचा रस शोषणाऱ्या किडीची गोष्ट तर तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. २००२ मध्ये दक्षिण महाराष्ट्रात उसाची पाने पांढरी पडली, खालच्या पानांवर काळी बुरशी चढली आणि लोक मिळेल ते फवारू लागले. पुढे तो आटोक्यात आला यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. त्यांच्या अळ्या असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन लावली गेली. जैविक नियंत्रण म्हणजे काय हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळेल? त्या वेळी शेतात गेलेली माणसे आता निवृत्तीला आली आहेत.

आणखी एक अडचण नावांची. रंकाळ्यात आणि पंचगंगेत दर वर्षी जे केंदाळ (जलपर्णी) माजते, त्याला आपण सगळे आयकॉर्निया क्रॅसिपेस म्हणून शिकलो. आता ते पाँटेडेरिया वंशात गेले आहे. भारतीय बाभूळ अकेशिया राहिली नाही, वॅचेलिया झाली. विकिपीडियावर कोणीतरी उत्साहाने नवे नाव घालतो, दुसरा कोणीतरी तितक्याच उत्साहाने जुने परत आणतो आणि दोघांकडेही छापील संदर्भ असतो. आम्ही मध्ये उभे राहून पाहतो. इथे वर्गीकरण शिकवणाऱ्याने लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर चार ओळी लिहिल्या तर वाद तिथेच मिटेल.

हे काम प्राध्यापकांनी पूर्वी केलेले आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून मराठी विश्वकोश निघाला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. त्यातली प्राणी-वनस्पतींची कुठलीही नोंद उघडून शेवटी पाहा, खाली लेखकाचे नाव असते. त्यांत महाविद्यालयांत शिकवणारे किती, ते मोजण्यासारखे आहे. कोणी कार्डे लिहून, टपालाने पाठवून, संपादकांची दुरुस्ती सोसून नोंदी पुऱ्या केल्या. त्या नोंदी आजही आम्हाला संदर्भ म्हणून पहिल्यांदा आठवतात. पण त्या तशाच्या तशा उचलून विकिपीडियावर घालता येत नाहीत. शिवाय मधल्या काळात रेणवीय (डीएनएच्या) पुराव्यांमुळे कितीतरी कुळांची फेरमांडणी झाली. ती मराठीत कोण लिहिणार?

आता तो अख्खा वर्ग का नको, ते सांगतो.

एका महाविद्यालयात (नाव घेत नाही, सगळीकडे थोडेफार असेच होते) एक दिवसाची कार्यशाळा झाली. बॅनर, दीपप्रज्वलन, रोप देऊन सत्कार, तासभर मनोगते. मग संगणक कक्षात सगळ्यांनी एकदम खाती उघडायला घेतली. एका नेटवर्कवरून २४ तासांत सहाच खाती उघडतात, हा विकिपीडियाचा नेहमीचा बंदोबस्त. आधी विनंती केली तर मर्यादा शिथिल होते, पण ती कोणी केली नव्हती. सातव्या मुलापासून पुढचे सगळे पडद्याकडे बघत बसले. ज्यांना जमले त्यांनी दुपारपर्यंत लेख तयार केले. एकाने वनस्पतीची माहिती आयुर्वेदिक दुकानाच्या जाहिरातीतून घेतली, दोघींनी पाठ्यपुस्तकाचे पान जसेच्या तसे टंकले आणि एका गटाने प्राचार्यांवर लेख लिहिला. संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली. रात्री प्रचालकांनी (पाने काढण्याचा अधिकार असलेल्या संपादकांनी) बहुतेक पाने काढून टाकली, आणि ते त्यांनी बरोबरच केले.

मुलांचा यात दोष शून्य. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. २०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी मोठा शैक्षणिक प्रयोग झाला होता, विकिमीडिया फाउंडेशनच्या पाठबळाने. शेकडो विद्यार्थी, उत्साह भरपूर, आणि मजकूर इतका उचललेला की जगभरचे स्वयंसेवक तो निपटता निपटता मेटाकुटीला आले आणि प्रयोग गुंडाळावा लागला. तालमीत पोरे उतरवायची आणि वस्तादाने घरी बसायचे, असे कोल्हापुरात तरी कोणी करत नाही.

त्यातून आता आयते मजकूर लिहून देणारी साधने हातात आली आहेत. मुलगा दहा मिनिटांत सफाईदार लेख आणून देतो, खाली पाच संदर्भ, आणि त्यातले तीन जगात कुठेच नाहीत. हे ओळखण्याचा माझा उपाय साधा आहे: "हा संदर्भ मला आत्ता उघडून दाखव." पण उघडल्यावर आत जे आहे ते लेखात उतरले आहे का, हे विचारायला पुन्हा तुम्हीच लागता.

म्हणून आमचा बेत लहान आहे. साधारण तीस लेख, प्रत्येक लेखाला एक प्राध्यापक आणि एक-दोन विद्यार्थी. विषयांची यादी जानेवारीच्या आत पक्की, आणि प्रत्येक विषयासमोर निदान तीन विश्वसनीय संदर्भ आधीच शोधून ठेवलेले. संदर्भ नसेल तर विषय बाद, मग तो कितीही आवडता असो. वनस्पतींसाठी डॉ. एस. आर. यादव आणि डॉ. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आहे, २००२ चा, विद्यापीठानेच काढलेला. कृषी विद्यापीठाची प्रकाशने आहेत. जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सासारखी नियतकालिके कोणालाही फुकट वाचता येतात, आणि त्यांच्या परवान्यामुळे त्यातली छायाचित्रे श्रेय देऊन वापरताही येतात. खाती सगळ्यांनी आपापल्या घरून, आधीच उघडायची. पहिल्या आठवड्यात कोणी लेख लिहायचाच नाही. असलेल्या लेखांत संदर्भ जोडायचे, चुकीचे वाक्य दुरुस्त करायचे, धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, हात बसवायचा. आठवड्यातून एकदा रात्री साडेआठला तासभर ऑनलाइन भेट. चंदगड आणि गगनबावड्याच्या मुलांनाही घरून जोडून घेता येईल, त्यासाठी कोणाला एसटी पकडायला नको. लेख धूळपाटीवर पुरा झाला, सरांनी-मॅडमनी वाचला, की मगच मुख्य जागी जाईल.

स्पर्धा नाही. सर्वाधिक लेखांना बक्षीस लावले की दोन ओळींचे दीडशे लेख पडतात, हे आम्ही पाहून झाले आहे. प्रमाणपत्र हवेच असेल तर ते ज्याच्या लेखात प्रत्येक परिच्छेदाला पृष्ठ क्रमांकासह संदर्भ आहे त्याला. महाविद्यालयाला नॅकच्या मूल्यांकनासाठी पुरावा लागतो हे माहीत आहे. कोणी कोणत्या दिवशी कोणते वाक्य घातले याची नोंद विकिपीडिया स्वतः ठेवतो, ती छापून फायलीला लावता येईल. नव्या अभ्यासक्रमातल्या क्षेत्रीय प्रकल्पात हे बसवायचे की नाही, तो निर्णय तुमचा. बसले तर मुलांचा फायदा आहे.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवतो, मागाहून मन दुखायला नको. पहिली, स्वतःचे अप्रकाशित निरीक्षण तिथे चालत नाही. राधानगरीच्या जंगलात तुम्ही तीस वर्षे फिरला असाल, पण ते कुठेतरी छापून आलेले असेल तरच लेखात येईल. संशोधकाला हा नियम जाचतो. तरी तो हवा, नाहीतर स्वतःला संशोधक म्हणवणारा कोणीही काहीही लिहील. दुसरी, तिथे "प्रा. डॉ." चालत नाही. लेखावर तुमचे नाव येणार नाही, फक्त इतिहासाच्या पानात सदस्यनाव दिसेल. आणि कधी एखादा एकोणीस वर्षांचा पोरगा तुमचे वाक्य उलटवून "संदर्भ हवा" असा शिक्का मारून जाईल. त्याला संदर्भ द्यायचा. वय विचारायचे नाही.

"विकिपीडियावर विश्वास ठेवू नका, असे आम्हीच वर्गात सांगतो," असे एक मॅडम म्हणाल्या. जरूर सांगत राहा, विकिपीडियाही स्वतःबद्दल तेच सांगतो. पण घोणस चावलेल्या माणसाचा मुलगा दवाखान्याच्या वाटेवर मोबाइलमध्ये काय पाहतो, तेही लक्षात घ्या. सापांच्या लेखांसाठी आम्ही कडक नियम ठेवला आहे: उपचारांबद्दल शासकीय किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकांपलीकडचे एकही वाक्य नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिसर्पविष लस मिळते, ती दवाखान्यातच घ्यायची, वाटेत वेळ दवडायचा नाही, एवढे ठळक असले तरी पुरे. ते लेख तपासायला प्राणिशास्त्राबरोबर एखादे डॉक्टरही हवेत.

पदवीचा अभ्यास इंग्रजीतून असतो, मग मराठी लेखाचा मुलांना उपयोग काय, अशीही शंका आली. कागल, शाहूवाडी, भुदरगडची निम्मी-अधिक मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकून तुमच्या वर्गात बसतात. पहिले वर्षभर ती मनातल्या मनात भाषांतर करत असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे कोश आणि बालभारतीची पुस्तके आहेतच. जिथे लोक इंग्रजीच शब्द बोलतात तिथे तो देवनागरीत ठेवू, त्यावरून भांडत बसणार नाही.

लेखन जानेवारीत असले तरी छायाचित्रांचे काम आत्ताच आहे, कारण फुलणारे सगळे पावसाळ्यात फुलते. २०२३ मध्ये विशाळगडच्या परिसरातून सेरोपेजिया शिवरायियाना या नव्या जातीची नोंद झाली, शिवाजी महाराजांच्या नावाने. या कंदीलपुष्पांची करामत मराठीत कोणी सविस्तर लिहावी अशी माझी फार इच्छा आहे. फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात, वासाने आलेली बारीक माशी आत उतरते आणि तिला वर चढता येत नाही; परागकणांचे पुंजके तिला चिकटले, केस सुकले, की मगच सुटका. हे वाचून आठवीतले पोर दप्तर टाकून माळावर पळेल. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात या वंशाच्या अनेक जाती जपलेल्या आहेत, तिथे फोटो काढायला मुलांना परवानगी मिळाली तर मोठे काम होईल. रानात काढलेल्या फोटोंबाबत एक विनंती: मोबाइलमधली स्थाननोंद बंद करून काढावेत. दुर्मीळ कंद आणि आमरी (ऑर्किड) नेमक्या कुठल्या कड्यावर आहेत हे जगाला सांगितले की पुढच्या वर्षी तिथे खड्डा सापडतो. तालुक्यापर्यंत सांगितले तरी लेखाला पुरते.

गव्याचा लेख वन्यजीवांची जाण असलेल्या कोणीतरी हाती घ्यावा. १९५८ मध्ये दाजीपूरचे अभयारण्य गव्यासाठीच झाले, २०१२ मध्ये तेच, म्हणजे राधानगरी अभयारण्य, पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले, हे आम्ही लिहू. पण गवा वस्तीत शिरला की हजारभर माणसे मागे धावतात. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला असाच एक गवा पाठलागानंतर मेला. पाठलागाच्या ताणाने एवढे बलदंड जनावर कसे कोसळते, त्याच्या स्नायूंत आणि रक्तात नेमके काय होते, ते प्राणिशास्त्राच्या माणसाने नीट उलगडून लिहायला हवे. गवा पुढच्या वेळी आपल्याकडे कुठल्यातरी गावात येणारच आहे.

तर मागणी एवढीच. प्रत्येक विभागातून एक नाव हवे, जून अखेरपर्यंत, म्हणजे जुलैत विषयांची यादी तुमच्यासमोर ठेवता येईल आणि तुम्ही त्यात खाडाखोड करू शकाल. हुमणीच्या दोन लेखांना दोन वेगळी माणसे मिळाली तर फारच उत्तम. नाव जावक क्रमांक घालून, शिपायाबरोबर पत्राने नको. ज्यांनी यायचे त्यांनी स्वतः फोन करावा. ज्येष्ठता पाहून कोणाची नेमणूक करू नये. नुकतेच नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवणारे सर-मॅडम आले तरी आनंद आहे, फक्त त्यांच्यावर हे काम लादलेले नसावे. निवृत्त प्राध्यापकांना तर विशेष आग्रह. ज्यांना मराठी टंकता येत नाही त्यांनी वहीत लिहून फोटो पाठवला तरी चालेल, टंकून द्यायला आम्ही बसलो आहोत.

आपला,
मराठी विकिपीडियाचा एक संपादक
कोल्हापूर